पंप गेलाय म्हणे!

आमच्या गावाकडे डिझेल गाडीला काहीही झालं की पंप जातो. गाडी ओढत नाही? पंप. धूर मारते? पंप. ॲव्हरेज पडलं? पंपच. सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुर करते? मग पंप नाहीतर नोझल. उद्या हॉर्न वाजेनासा झाला तरी कोणीतरी बॉनेट उघडून, हात पुसत, गंभीर चेहऱ्याने म्हणेल, "काका, पंप काढावा लागतोय."

हे बरेच दिवस डोक्यात खदखदतंय. आज शनिवार आहे, रिलीज नाही, क्लायंट झोपलेला आहे, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो. ज्यांना गाड्यांमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही त्यांनीही वाचा, कारण हे खरं तर गाडीबद्दल नाहीच. आपल्याला विचार करायचे पैसे द्यायला का जड जातं, याबद्दल आहे.

आधी प्रकरण सांगतो. वाईला बाबांकडे २००८ सालची एक डिझेल गाडी आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. साधारण अडीच लिटरचं टर्बो इंजिन, पुढे इंटरकूलर, जुना मेकॅनिकल पंप. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काचा वरखाली होतात तेवढंच. मी कॉलेजला असताना हीच गाडी चालवायला शिकलो. बाबांचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे, आणि याबद्दल माझी काही तक्रार नाही.

२०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. म्हणजे आरटीओत पुन्हा रजिस्ट्रेशन, पर्यावरण कर, पीयूसी, सगळं आलं. त्याच सुमाराला गाडी ओढायची कमी झाली. सपाटीवर ठीक, पण पसरणीचा घाट लागला की दुसऱ्या गिअरशिवाय चालायचं नाव नाही, आणि मागे काळ्या धुराचा पडदा. बाबांनी नेहमीच्या गॅरेजला नेली. मिस्त्री चांगला माणूस आहे, आमच्याकडे चहाला येणाऱ्यातला. त्याने डिझेल फिल्टर बदलला, टाकीत कसलं तरी क्लीनर ओतलं. १,६०० रुपये. फरक शून्य. मग ते ऐतिहासिक वाक्य आलं. पंप आणि चारही नोझल उतरले, पंपवाल्याकडे गेले, आठवड्याने परत आले. २२,५०० रुपये. फरक जवळजवळ शून्य. मग "ट्यूनिंग" झालं, १,२०० रुपये. आणि काय आश्चर्य! धूर कमी झाला. पीयूसी झाली, आरटीओचं काम झालं, बाबा खूश.

एकूण २५,३०० रुपये. आता या "ट्यूनिंग"मध्ये काय झालं होतं ते ऐका. पंपावर जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं हे ठरवणारा एक स्क्रू असतो. मिस्त्रीने तो मागे घेतला. बस्स. डिझेल कमी, म्हणून धूर कमी. आणि अर्थातच ताकदही आणखी कमी. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर का येतोय हे न बघता एररचा मेसेज बंद केला.

त्या दिवाळीत बाबा, आई आणि मावशी पाचगणीला निघाले होते. पसरणीच्या घाटात पुढे लोड भरलेला टेम्पो. बाबांनी गेली पंधरा वर्षं जिथे ओव्हरटेक केला तिथेच, तेवढंच अंतर बघून गाडी बाहेर काढली. गाडी टेम्पोच्या बरोबरीला आली आणि तिथेच थांबल्यासारखी झाली. ॲक्सिलरेटर तळाला, आणि काही नाही. समोरून वळणावर एसटी. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून बाबांना आत शिरता आलं. त्या अनोळखी ड्रायव्हरचे उपकार आमच्यावर कायमचे आहेत. आईने ही गोष्ट मला चार दिवसांनी, फोनवर, "तू चिडू नकोस" अशी सुरुवात करून सांगितली.

मी चिडलो. आणि त्या शनिवारी बॅग भरून वाईला गेलो.

आता जरा थिअरी. घाबरू नका, अर्ध्या पानाची आहे. आणि इंजिनिअरिंगला आपण सगळ्यांनी आयसी इंजिनचं काहीतरी घोकलेलंच असतं, भले मग आयुष्य जावा लिहिण्यात जावो.

पेट्रोल गाडीत आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा हवेची झडप उघडते, आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल जातं. जुन्या डिझेलचं तसं नाही. तिथे हवेवर बंधन नसतं, जेवढी येईल तेवढी येते. ॲक्सिलरेटर फक्त डिझेल किती सोडायचं ते सांगतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला ढोबळमानाने साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवेची गाठ पडायला काही मिलीसेकंदच मिळतात, त्यामुळे प्रत्यक्षात हवा बरीच जास्त ठेवावी लागते. हे प्रमाण अठरा-वीसच्या खाली यायला लागलं की काही डिझेल अर्धवट जळतं आणि त्याची काजळी होते. हाच तो काळा धूर.

म्हणजे काळा धूर काय सांगतो? "माझ्याकडे डिझेल आहे, पण ते जाळायला हवा पुरत नाही" किंवा "डिझेल नीट फवारलं जात नाही, नको तेव्हा येतंय". निळा धूर वेगळा, तो ऑइल जळल्याचा. पांढरा वेगळा, तो न जळलेल्या डिझेलचा किंवा कूलंट आत गेल्याचा. रंग बघणं ही पहिली तपासणी. तिला एक पैसा लागत नाही. तरी हा प्रश्न बाबांना कोणी विचारला नव्हता.

आता दुसरी तपासणी, तीही फुकट. गाडी ओढत नाही, पण धूर मात्र नाही, असं असेल तर डिझेल पोचत नाहीये. फिल्टर चोंदलाय, पाइपमध्ये हवा धरतेय, टाकीचा श्वास कोंडलाय. आणि गाडी ओढत नाही, शिवाय काळा धूर ओकते, असं असेल तर डिझेल भरपूर पोचतंय! मग अशा गाडीचा डिझेल फिल्टर बदलून काय होणार? माणसाला ताप आला म्हणून पायाला प्लास्टर घालण्यासारखं आहे ते. आमचे पहिले १,६०० रुपये इथे गेले. दहा सेकंद विचार केला असता तर वाचले असते.

तिसरी तपासणी: धूर कधी येतो? आयडलिंगलाच येतो, इंजिन एका पायावर लंगडल्यासारखं चालतं, टकटक आवाज येतो? मग नोझलवर संशय घ्या. एखादं नोझल फवारण्याऐवजी ठिबकत असेल. सगळ्याच वेगाला येतो, शिवाय सकाळी स्टार्ट व्हायला त्रास? मग पंपाचं टायमिंग, टॅपेट, कॉम्प्रेशन बघा. आयडलिंगला स्वच्छ, हळू चालवली तर स्वच्छ, आणि फक्त चढावर लोड आला की काळा? मग हवा. हवा. हवा! एअर फिल्टर, टर्बो, टर्बोपासून इंजिनपर्यंतचे सगळे पाइप, इंटरकूलर, अडकून उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह (तो जळालेला वायू परत आत सोडतो, म्हणजे ताज्या हवेची जागा खातो), किंवा पुढे चोंदलेला सायलेन्सर.

आमच्या गाडीची लक्षणं यातली कुठली होती? तुम्ही आत्ता वाचताना ओळखलीत. तुम्ही तर गाडी बघितलीही नाहीये.

"घाटात हवा विरळ असते हो, त्यामुळे होतं," असंही बाबांना सांगण्यात आलं होतं. बरोबर आहे, असते. वाई साधारण सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या जवळपास. शंभर मीटरला हवेची घनता साधारण एक टक्का कमी होते असं धरलं तर वाईहून पाचगणीला पाच-सहा टक्के कमी. पाच-सहा टक्क्यांनी गाडी मरत नाही. आणि पाचगणी काही २०२३ मध्ये अचानक उंच झालेली नाही. ही गाडी पंधरा वर्षं तोच घाट चढत होती. "काय बदललं?" हा डिबगिंगमधला पहिला प्रश्न आहे, आणि हवामान हे त्याचं उत्तर नव्हतं.

तर शनिवारी दुपारी मी आणि बाबा. आधी मागची चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून बघितली, मग पुढची. ब्रेक धरून बसले तरी गाडी ओढत नाही आणि बिचाऱ्या इंजिनला शिव्या बसतात. चाकं मोकळी फिरली. क्लच घसरतोय का? वरच्या गिअरमध्ये दाबल्यावर आरपीएम चढतो आणि वेग तिथेच राहतो, असं होत नव्हतं. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरला, आरपार उजेड दिसला. ईजीआरची व्हॅक्यूमची नळी काढून, तोंड बंद करून एक चक्कर मारली. फक्त तपासणीपुरती, कायमची अशी बंद करून फिरायचं नसतं. फरक नाही, नळी परत लावली. मग ट्यूनिंगचा स्क्रू होता तिथे आणून ठेवला (पंपवाल्याने आधीची खूण केलेली होती, देव त्याचं भलं करो). मुद्दाम. बग पुन्हा दिसला पाहिजे, नाहीतर शोधणार काय? मी चालवत होतो, बाबा खिडकी उघडी ठेवून आवाज ऐकत होते. घाटाच्या पहिल्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दाबली, मागे काळोख झाला आणि बाबा म्हणाले, "अरे, हे शूऽऽ काय वाजतंय?"

एका अडीच लिटरच्या इंजिनचा हिशोब करून बघा. दोन फेऱ्यांमागे एकदा सगळे सिलिंडर भरतात. दोन हजार आरपीएमला मिनिटाला अडीच हजार लिटर हवा. वर टर्बो अर्धा बार दाब देत असेल तर ढोबळमानाने दीडपट. एवढी हवा दोन रबरी पाइप आणि चार पट्ट्यांच्या भरवशावर जाते. त्यातल्या एका पाइपला चीर पडली तर? आयडलिंगला काही कळत नाही, कारण आत दाबच नसतो. चढावर दाब आला की चीर ओठासारखी उघडते आणि टर्बोने कष्टाने दाबलेली हवा बाहेर. पण पंपाला हे कोण सांगणार? काही पंपांवर हवेचा दाब बघून डिझेल आवरतं घेणारी एक डबी असते. आमच्या पंपावर नाही. तो आपला पूर्ण माप ओततच राहतो. ताकद गेली, धूर आला. दोन्ही लक्षणं, एकच कारण.

चीर शोधायला लॅबोरेटरी लागली नाही. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला लागला. इंजिन थंड झाल्यावर टर्बोच्या तोंडाचा पाइप आणि इंजिनकडचं टोक सोडवलं. दोन्ही टोकांना ट्रकच्या ट्यूबचे तुकडे घट्ट पट्टीने बांधले, त्यातल्या एकावर व्हॉल्व्ह होताच. पायपंपाने हळूहळू अर्ध्या बारपर्यंत हवा भरली. जास्त नाही, रबरी बूच डोळ्यावर उडालं तर पंपापेक्षा महागात पडेल. मग साबणाचं पाणी. पंक्चरवाल्याचा पोऱ्या, असेल सतराएक वर्षांचा, त्याने हात फिरवला आणि इंटरकूलरच्या खालच्या पाइपच्या आतल्या वळणाला बोट ठेवलं. "हितं हाय बघा." बुडबुडेच बुडबुडे. वरून पाइप अगदी शहाण्या बाळासारखा दिसत होता. खालच्या बाजूला बोटभर लांब चीर, आणि तिच्याभोवती तेलकट काळा थर. तो थरही केव्हापासून ओरडून सांगत होता. कोणी खाली वाकलंच नव्हतं.

नवा पाइप १,१५० रुपये. दोन चांगल्या पट्ट्या, १२० रुपये. एकूण १,२७०. रविवारी सकाळी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. बाबा काही बोलले नाहीत, फक्त दोनदा आरशात मागे बघितलं. मागे रस्ता दिसत होता.

हां, एक राहिलंच. पंपाने फरक पडला नाही तेव्हा गॅरेजमधून पुढचा सल्ला आलाच होता: "टर्बो गेलाय." ३४,००० रुपये. तोही बदलला असता. नवा टर्बो, जुनी चीर!

आता मला सांगा, चूक कोणाची? पहिल्या दिवशी मी म्हणालो मिस्त्रीची. तावातावाने त्याच्याकडे गेलोही. तो फाटका पाइप त्याच्या टेबलावर ठेवला. तो बराच वेळ पाइप वाकवून बघत बसला, मग म्हणाला, "दादा, चुकलं माझं. पण एक विचारू? तुमच्या बाबांना मी म्हणालो असतो की गाडी दिवसभर ठेवा, नुसती तपासतो, काही बदलणार नाही, पाचशे रुपये द्या, तर दिले असते?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पंख्याकडे बघितलं.

नसते दिले. मला बाबा माहीत आहेत. "नुसतं बघायचे पाचशे? काय केलं काय त्याने?" असं म्हणाले असते. २२,५०० चं बिल मात्र त्यांनी एका शब्दाची घासाघीस न करता दिलं, कारण त्या बदल्यात एक चकचकीत पुसलेला पंप आणि जुन्या पार्टची पिशवी मिळाली. वस्तू दिसली. हातात आली. डोकं वापरलेलं दिसत नाही, म्हणून त्याची किंमत नाही. मग मिस्त्री काय करणार? त्याचा धंदा विचार करण्यावर चालत नाही, पार्ट बदलण्यावर चालतो. आपण त्याला ज्याचे पैसे देतो तेच तो करतो. अंदाजाने मारलेला बाण लागला तर तो हुशार, नाही लागला तर "गाडी जुनी झाली हो".

आणि आपण पुण्या-मुंबईत एसीत बसणारे लोक फार वेगळे आहोत असं समजू नका. सर्व्हर स्लो झाला की आपण काय करतो? रीस्टार्ट. नाही जमलं तर रॅम वाढव. तेही नाही जमलं तर मोठं मशीन घे. लॉग कोण वाचतो? रात्री दोनला उठून पाच गोष्टी एकदम बदलतो, त्यातल्या कशाने तरी चालू होतं, आणि सकाळी मेलमध्ये "इश्यू रिझॉल्व्ह्ड" म्हणून लिहितो. कशाने रिझॉल्व्ह झाला ते विचारू नका. मी स्वतः हे केलंय. तेव्हा मिस्त्रीला हसायचा अधिकार मला तरी नाही. पण एक फरक आहे. माझा सर्व्हर बसला तर कोणाची तरी ऑर्डर अडकते. गाडी बसली तर समोर एसटी असते.

आता पीयूसीचं. तो स्क्रू मागे घेऊन मिळवलेला कागद आमच्याकडे होता, अगदी वैध. भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, स्टेज चारच्यांना ५०. तपासणी कशी होते? गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटर झटकन तळाला दाबायचा आणि सायलेन्सरमधला धूर किती उजेड अडवतो ते मोजायचं. म्हणजे लोड नाही, चढ नाही, टर्बोवर सलग दाब नाही. आमच्यासारखी चीर प्रामाणिक तपासणीतही सुटू शकते. अप्रामाणिक तपासणीबद्दल तर बोलायलाच नको, नळी सायलेन्सरमध्ये न घालता नुसता नंबर प्लेटचा फोटो काढलेला मी डोळ्यांनी बघितलाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात धुराबद्दल दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण दंडाच्या भीतीने लोक काय दुरुस्त करतात? कागद. धूर नाही.

यावर काहीजण म्हणणार, "अरे, मग भंगारात घाला ना एकदाची! पंधरा वर्षांची डिझेल हवीच कशाला?" हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. डिझेलचा धूर म्हणजे गंमत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. आमची गाडी स्टेज दोनची, ती कितीही नीट ठेवली तरी २०२० नंतरच्या स्टेज सहाच्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. हे मान्य. ज्याला परवडतं त्याने बदलावी, आणि बाबाही दोन-तीन वर्षांत बदलतील. पण जोपर्यंत ती रस्त्यावर आहे तोपर्यंत काय? वय हा धुराचा एकमेव मापदंड धरला की आठ वर्षांची, फाटक्या पाइपची गाडी साळसूदपणे सुटते. तुमच्या पुढे सिग्नलला उभा राहून, स्कूटरवर पुढे उभ्या पोराच्या तोंडावर काळा लोट सोडणारा टेम्पो नेहमी म्हाताराच असतो का? बघा एकदा नंबर प्लेट. आणि त्या टेम्पोवाल्याला नवा टेम्पो घ्या म्हणून सांगणं सोपं आहे. त्याला १,२७० रुपयांचा पाइप शोधून देणारा माणूस मिळवून देणं जास्त उपयोगाचं आहे.

तर माझं म्हणणं तीन वाक्यांत. गाडी गॅरेजला नेताना "पंप बघा" म्हणू नका, लक्षणं सांगा: धुराचा रंग, कधी येतो, कुठल्या गिअरला, कशानंतर सुरू झालं. दुरुस्तीआधी "का?" विचारा, आणि उत्तर "बदलून बघू" असेल तर गाडी घेऊन घरी या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तपासणीचे पैसे आपणहून, वेगळे, न कुरकुरता द्या, काहीच बदललं नाही तरी. किंबहुना काहीच बदललं नाही तेव्हा तर नक्कीच द्या.

एक सूचनाही देऊन ठेवतो, नाहीतर कोणीतरी उत्साही वीर उद्या पाना घेऊन बसेल. वरचं सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीबद्दल आहे. नव्या कॉमन रेलच्या गाडीत इंजिन चालू असताना डिझेलच्या पाइपला हात लावायचा नाही. तिथे हजार बारच्या वर दाब असतो, बारीक फवारा कातडीतून आत जातो आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. तिथे स्कॅनर लावणारा माणूस बोलवा. आणि हो, त्यालाही तपासणीचे पैसे द्या.

मिस्त्रीचं पुढे काय झालं? बाबांनी गाडी त्याच्याकडेच न्यायची चालू ठेवली आहे. मला आधी राग आला होता, पण त्यांचं बरोबर आहे, चूक कबूल करणारा मिस्त्री सहज मिळत नाही. त्याने टर्बोच्या पाइपांसाठी वेगवेगळ्या मापाची दोन बुचं बनवून घेतली आहेत, एकाला ट्यूबचा व्हॉल्व्ह लावलाय. आणि भिंतीवर खडूने लिहिलंय: "तपासणी ३०० रु." मागच्या खेपेला गेलो तर म्हणाला, "दादा, लोक वाचतात आणि हसतात."

मी त्याला तीनशे रुपये दिले. गाडीला काही झालेलं नव्हतं. तो म्हणाला, "अहो, कशाचे?" मी म्हणालो, "बघा जरा सगळं एकदा." त्याने अर्धा तास बघितलं, एक पट्टी घट्ट केली आणि म्हणाला, "काही नाही, सगळं ठीक आहे."

माझ्या मते तीनशे रुपयांत मिळालेली ही सगळ्यात चांगली बातमी होती. बाबा अजूनही म्हणतात की मी पैसे वाया घालवले.

ता. क.: पंक्चरवाल्याच्या त्या पोऱ्याला मी शंभर रुपये दिले होते. आता हिशोब केल्यावर लाज वाटते. पंपवाल्याला २२,५००, आणि बोट ठेवणाऱ्याला शंभर. पुढच्या वेळी वाईला गेलो की आधी त्याच्याकडे जायचंय.